‘कुंकू’तील घड्याळ

आम्हां मराठी माणसांना बोलपट ऐकण्याची सवय, पाहण्याची नव्हे. हे रंगभूमीचे ऋण म्हणावे की व्याधी? परवा रामकृष्णपुरम्‌मधील आमच्या बिऱ्हाडी प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) लावला असता, मराठीचे अक्षरही न कळणाऱ्या बंगाली सहकाऱ्याने विचारले, “यात पार्श्वसंगीत का नाही?” मी चपापलो. हा चित्रपट मला तोंडपाठ, असा माझा दिल्लीभर लौकिक! शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत बुद्ध्याच वर्ज्य केले होते आणि त्यामुळेच घड्याळाची टिकटिक काकासाहेबांच्या उतारवयाची मोजदाद करीत राहते. आरसा फुटतो नि तुकड्यातुकड्यातून त्यांचाच चेहरा त्यांना वेडावतो, तो प्रसंग समीक्षकांचा लाडका. मला मात्र तो किंचित बटबटीत वाटतो. नीरेच्या बंडखोरीवर टाळ्या पिटताना ती टिकटिक माझ्या कानांवरून निसटली होती.

दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून तोच चित्रपट पाहिला, मग डोळे मिटून ऐकला. शब्द गळताच केशवराव दाते यांचे खांदे दिसू लागले. संवाद मात्र, सवयीने, मी मनातल्या मनात पुटपुटतच होतो.