अंगठ्याखालची चित्रे

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर दानपेटीतील नाणी टेबलावर ओतली जातात, तेव्हा मोजणाऱ्यांचे लक्ष आकड्यांकडे असते आणि आमचे चित्रांकडे. हा दोष आम्हांला मान्य आहे. वडिलांच्या पत्र्याच्या डब्यातील जुन्या नाण्यांपासून जडलेला हा छंद सेमिनरीतही सुटला नाही, आणि पन्नाशी ओलांडल्यावर आता तो सुटेल असा भरवसा नाही. नाणे म्हटले की प्रवचनकाराला कैसर आठवायचाच. त्याला येथे बाजूस ठेवून, प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांवरील काही चित्रे आम्हांला का आवडली आणि काही का आवडली नाहीत, एवढेच सांगण्याचा विचार आहे.

त्या डब्यातील आमचे सर्वांत लाडके नाणे म्हणजे 1950 सालच्या मालिकेतील एक पैसा. राजाचा मुखवटा गेला होता आणि त्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आले होते. रुपयावरचा वाघ जाऊन तेथे गव्हाच्या लोंब्या आल्या. आण्यांच्या नाण्यांवर बैल उभा राहिला आणि पैशावर घोडा धावू लागला. मूळ स्तंभशीर्षावर हा घोडा सिंहांच्या पायांखालच्या पट्ट्यात आहे. तेथे तो चटकन नजरेत भरत नाही. चित्रकाराने त्याला तेथून उचलले आणि नाण्याची एक सबंध बाजू त्याला देऊन टाकली. रुपयाचे चौसष्ट पैसे होत त्या काळात हे सर्वांत हलक्या मोलाचे नाणे. पण त्याच्यावरचे चित्र आम्हांला सगळ्या मालिकेत सरस वाटते. घोड्याभोवती मोकळी जागा आहे, म्हणूनच तो धावतो. आमच्या डब्यातला पैसा इतका झिजला आहे की घोड्याचा डोळा केव्हाच गेला, आयाळ गेली. धाव मात्र उरली आहे.

झिजल्यावर काय उरते, हीच आमच्या मते नाण्याच्या चित्राची खरी कसोटी. भिंतीवरचे चित्र कोणी रोज हाताळत नाही. नाणे मात्र मासळीच्या टोपलीत पडते, कनवटीला लागते, पोरांच्या तोंडातही जाते. संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याच्या तीन अटी सांगितल्या आहेत: पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. सेमिनरीत आम्ही त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या. त्यांतील तिसरीचा अर्थ आम्हांला पुढे नाण्यांनीच शिकविला. वस्तू आपण काय आहोत हे स्वतःच उजळपणे सांगते, ते तिचे तेज.

याच कसोटीवर 1988 साली आलेली गेंड्याची पावली उतरते. एकोणीस मिलिमीटरची ती पोलादी चकती. तिच्यावर एकच जनावर, जाड, निश्चल, कोणाची फिकीर नसलेले. गेंड्याचे अंगच चिलखतासारखे असल्याने तो धातूला शोभतो. हरणाला ते साधले नसते. पंचवीस पैशांचे नाणे जून 2011 अखेर चलनातून बाद झाले, तरी आमच्याकडे येणारी शाळकरी मुले संग्रहात प्रथम तेच मागतात.

आता नावडीकडे वळतो, आणि येथे एका गृहस्थांची ओळख करून देणे भाग आहे. आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामात गायनवृंदाला पेटीची साथ करणारे एक अंध काका होते. चौकोनी ते पाच पैसे, पाकळ्यांच्या कडेचे ते दहा, षटकोनी ते वीस, आणि अकरा कोनांचे ते दोन रुपये, असा त्यांचा सारा हिशोब बोटांवर असे. 1992 पासून चाललेले दोन रुपयांचे ते कोनदार नाणे चित्र म्हणून सामान्यच होते. देशाचा नकाशा आणि त्यावर झेंडा, म्हणजे शाळेच्या फलकावरची कल्पना. पण काकांना ते कधी फसवीत नसे.

मग 2005 साली दोन रुपयांचे नाणे गोल झाले. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दुहेरी रेषा आणि चार ठिपके होते. चार मस्तके आणि एक सामाईक देह, विविधतेतील एकता, असा त्याचा अर्थ रिझर्व्ह बँकेने सांगितला. हा ख्रिस्ती क्रूस आहे असा आक्षेप निघाला, मोठा वाद झाला. आमच्या माणसांपैकी काहींना मनातून गोड वाटले, हेही आम्ही जाणतो. आम्हांला ते नाणे आवडले नाही, आणि त्याचे कारण या वादात कोठेच नव्हते. जे चित्र मस्तके आणि देह दाखवू पाहते आणि पाहणाऱ्याला क्रूस दिसतो, किंवा रस्त्याचा चौक, किंवा काहीच दिसत नाही, त्याच्यात तेज नाही. त्यातच एक रुपयाचे नाणे पंचवीस मिलिमीटर, दोनाचे पावणेसत्तावीस; दोन्ही गोल, दोन्हींवर त्याच रेषा. एका सायंकाळी काका दुकानातून आले आणि मूठ आमच्यापुढे उघडून म्हणाले, “फादर, जरा बघा, ही दोनाची आहेत ना?” चारही एकेकाची होती. दुकानदाराने चूक केली की लबाडी, हे आम्हांला ठाऊक नाही. काका म्हणाले, “क्रूस आहे म्हणतात यावर. बोटाला काही कळत नाही.”

पुढे 2007 पासून हस्तमुद्रांची नाणी आली: पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोनावर दोन बोटे. कल्पना चांगली होती. बोटे मोजून किंमत सांगणे ही बाजारची फार जुनी भाषा आहे. पण नर्तकीच्या मुद्रेत मनगटापासून जी लय असते ती येथे नाही. हे हात रस्त्याच्या कडेच्या सूचनाफलकावरून उतरविल्यासारखे दिसतात. शिवाय आमच्या मराठीत अंगठा दाखविणे म्हणजे काय, हे टांकसाळीला कोणीतरी कळवायला हवे होते. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती येथे आठ आण्यांना मिळाली!

सर्वांत अवघड निर्णय आमच्या घरचा आहे. संत अल्फोन्सा यांच्या जन्मशताब्दीनिमित्त 2009 साली पाच आणि शंभर रुपयांची नाणी निघाली. संत नाण्यावर येणे तसे नवे नाही; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यात पाडलेल्या सोन्याच्या नाण्यावर संत थॉमस होतेच. तरीही आपल्या मातीतील पहिली संत स्त्री प्रजासत्ताकाच्या नाण्यावर पाहून आम्हांला भरून आले, आणि पाच रुपयांची दोन नाणी आम्ही जपून ठेवली. परंतु छायाचित्राबरहुकूम काढलेला चेहरा आणि भोवती दोन भाषांतील नाव व निमित्त, हा ठरीव साचा अलीकडच्या बहुतेक स्मारक नाण्यांना लागतो, तसा याही नाण्याला लागला आहे. अवघ्या तेवीस मिलिमीटरच्या चकतीत डोळ्यांचे, झग्याच्या घड्यांचे बारकावे कोंबले की उठाव उथळ होतो. दानपेटीत आलेल्या एका नाण्यावर त्यांचे नाक आणि गाल एक झाले होते. ज्या स्त्रीने आयुष्यभर दुखणे सोसले, तिच्यासाठी एखाद्या शिल्पकाराने नुसत्या जोडलेल्या हातांचा ठसा कोरला असता, तर तो अधिक काळ टिकला असता. हे लिहिताना आमचा हात अडखळतो. पण भक्तीपोटी गेंड्याला दुसरा क्रमांक देणे आम्हांला जमणार नाही.

मार्च 2019 मध्ये अंधांना ओळखता यावीत म्हणून नवी मालिका प्रकाशित झाली. तिच्यात वीस रुपयांचे बारा कोनांचे नाणे आहे, आणि त्यावर पुन्हा धान्य आले आहे. 1950 च्या लोंब्यांची सर त्याला नाही. तरी ओळख पटते. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. मागल्या खेपेस भेटीला गेलो तेव्हा ते नाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. कडेवरून अंगठा सावकाश फिरवीत त्यांनी कोन मोजले, बारा भरले. मग नाणे परत देत ते म्हणाले, “वीस आहे. पण फादर, कोपरे जरा बोथटच ठेवलेत.”