गळ्यातला बिल्ला आणि लिफ्टचे दार

स्मृती गेलेला वृद्ध एकटा बाहेर पडून हरवू नये म्हणून शुश्रूषागृहात त्याच्या मनगटाला एक खूणपट्टी बांधतात. तो लिफ्टपाशी आला की यंत्र पट्टीतला संकेत टिपते, लिफ्ट रोखली जाते आणि परिचारिकेला सूचना जाते. या यंत्राविषयी माझी तक्रार नाही. तेथील बंधन बांधलेल्याच्याच जिवासाठी आहे.

माझी मावशी पुण्यातल्या एका टॉवरमध्ये धुणीभांडी करते. तिच्याही गळ्यात बिल्ला आहे. तो सामानाच्या लिफ्टला चालतो, रहिवाशांच्या लिफ्टला चालत नाही. कारण सांगतात सुरक्षेचे. परंतु तिचा फोटो, नोंद, वेळ फाटकावरच घेतलेली असते. घराची किल्लीही तिच्याच हाती असते. मग लिफ्टमध्ये धोका कसला? शेजारी उभे राहण्याचा!

पेशवाईत अस्पृश्याने मनगटाला वा गळ्यात काळा दोरा बांधावा, चुकूनही त्याचा स्पर्श होऊ नये, असा दंडक होता. हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. दोरा जात उघड सांगे. बिल्ला जातीचे नाव घेत नाही, 'कामवाली' एवढेच म्हणतो. नियम काम पाहून आहे, जात पाहून नाही, असा युक्तिवाद होईल. पण हे काम पिढ्यानपिढ्या कोणाच्या वाट्याला आले आणि ते कोणी ठरवले, याचे उत्तर त्यात नाही.

आमच्या साहित्याने वेस आणि पाणवठा उभा केला. आता लिफ्टचे दारही त्याचा विषय झाले पाहिजे.