निकटचित्रातील कीटक आणि त्याचे स्थळ

कीटकांच्या निकट छायाचित्रांचे मूल्यमापन करताना बहुधा सुस्पष्टता आणि वर्ण या दोनच गुणांचा विचार होतो. कीटक जेथे जगतो त्या स्थळाचा प्रत्यय चित्रातून येतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात मात्र तो टाळता येत नाही.

या कलेने साधलेली प्रगती प्रथम मान्य केली पाहिजे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या विंटर-ब्लाइथ यांच्या ग्रंथात फुलपाखरे पंख पसरून मांडलेल्या नमुन्यांच्या रूपात दिसतात. आयझॅक किहिमकर यांच्या २००८ सालच्या ग्रंथात ती फुलांपानांवर बसलेली, सजीव अशी भेटतात. टाचणीवरून पानावर झालेले हे स्थलांतर मोलाचे होय.

परंतु भिंग अधिक जवळ गेले की स्थळ पुन्हा हरपते. कीटकाची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराइतकी घेतली असता, भिंगाचे छिद्र एफ/८ असताना, सुस्पष्ट पट्टा अवघा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा राहतो. त्यापलीकडचे सर्व धूसर रंगात विरते. ही धूसरता प्रकाशशास्त्राच्या नियमाने येते; तिलाच सौंदर्याची कसोटी मानणे ही मात्र रसिकांची निवड आहे.

क्रायसोमिया मेगासेफाला या निळसर-हिरव्या मांसमाशीचे उदाहरण घ्यावे. नराच्या संयुक्त नेत्रातील वरच्या नेत्रिका खालच्या नेत्रिकांहून ठळकपणे मोठ्या असतात. हा भेद निकटचित्राखेरीज सामान्य वाचकाला दिसणार नाही. तथापि हीच माशी ओल्या मासळीवर अंडी घालते. उष्ण हवेत दिवसाभरात त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि माल नासतो. बोंबील परंपरेने मीठ न लावता, जबड्यात जबडा अडकवून दोरीवर सुकवितात. त्यात पाण्याचा अंश फार असल्याने आरंभीचे ओले दिवसच धोक्याचे. सुकविणे आणि विकणे हे काम मुख्यतः कोळणींचे; हानीही त्यांचीच.

अशा माशीला केवळ रत्नासारखी झळकविणारे चित्र खोटे नसते, पण अपुरे असते. कोळणीला त्यात तिची नित्याची वैरीण ओळखू येणार नाही, आणि परक्या प्रेक्षकाला त्या वैराची वार्ताही लागणार नाही.

प्रत्येक चित्रात सर्व परिसर कोंबावा, असा आग्रह कोणी धरू नये. तसे केल्यास नेत्रिकांचा भेदच लोपेल. उपाय साधा आहे. निकटचित्राशेजारी त्याच माशीचे, चार पावले मागे सरून घेतलेले दुसरे चित्र असावे. त्यात दोरी, बोंबील आणि तो उलटणारा हात दिसावा. पहिले चित्र शरीररचना सांगते, दुसरे तिचा व्यवहार. दोन्ही मिळूनच त्या कीटकाचे निसर्गातील चित्र पूर्ण होते.