आभासी चलन विनिमय केंद्रांची नोंदणी आणि ग्राहकांचा विश्वास : एक चिकित्सा

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेल्या बपेऱ्यासारख्या गावात 'नोंदणीकृत' या शब्दाचा परिचय प्रायः पतसंस्थेच्या फलकावरून होतो. त्या फलकावरील क्रमांकामागे १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, लेखापरीक्षण आणि निबंधक उभे असतात. पतसंस्थेतील ठेवीस बँकेच्या ठेवीप्रमाणे ५ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण नसते, हे खरे. परंतु गाऱ्हाणे मांडण्यास तालुक्याच्या गावी एक कार्यालय तरी असते. भ्रमणध्वनीवरील आभासी चलन विनिमय केंद्राच्या नोंदणीस हाच अर्थ लावला की गफलत होते.

७ मार्च २०२३च्या अधिसूचनेने ही केंद्रे २००२च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक अधिनियमाच्या कक्षेत आली आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणे भाग पडले. ग्राहकाची ओळख पटविणे, नोंदी जतन करणे, संशयास्पद व्यवहार कळविणे, असे या नोंदणीचे स्वरूप आहे. तिच्याद्वारे शासनास ग्राहक दिसतो. ग्राहकास मात्र केंद्राचे अंतरंग दिसत नाही. नाणी कोणाच्या ताब्यात आहेत आणि ती गेल्यास भरपाई कोण करणार, याविषयी ती मौन बाळगते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या ३० टक्के करामुळेही 'शासनमान्य' असल्याचा समज बळावला. वस्तुतः कर हा उत्पन्नावर असतो, विश्वासार्हतेवर नव्हे.

वझीरएक्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे केंद्र चालविणारी झनमाई लॅब्ज ही भारतीय कंपनी उपरोक्त विभागाकडे नोंदलेली होती. तरीही १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली, आणि परतफेडीची योजना झेट्टाई या संलग्न कंपनीमार्फत सिंगापूरच्या न्यायालयात गेली. अनेक ग्राहकांना ही दुसरी कंपनी तेव्हाच प्रथम ज्ञात झाली असावी. चोरीचा तोटा सर्वांनी वाटून घ्यावा, असे त्या योजनेचे सूत्र होते.

तथापि नोंदणी निरर्थक ठरली, असे म्हणणेही एकांगी होईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका महिला ग्राहकाच्या अर्जावर निर्णय देताना आभासी चलन ही मालमत्ता असून ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धारण करता येते, असे मत नोंदविले. चोरीस गेलेली नाणी इथेरियमवर आधारित होती, तर अर्जदाराची एक्सआरपी प्रकारची. मग तिने तोटा का सोसावा, हा प्रश्न न्यायालयाने रास्त मानला. झनमाईची भारतातील नोंदणीही विचारात घेतली गेली. 'विश्वास' हा जाहिरातीतील शब्द येथे प्रथमच कायदेशीर बंधनाच्या भाषेत आला, हे या निर्णयाचे खरे मोल होय.

नव्या केंद्रांच्या दृष्टीने कळीचा भाग करारपत्रात आहे. वझीरएक्सच्या करारात लवादाचे स्थान सिंगापूर होते. रक्कम चेन्नईतील बँक खात्यातून भरली गेल्याने न्यायालयाने अंतरिम संरक्षणापुरता अधिकार मान्य केला. तुमसरच्या खात्यातून रक्कम भरणाऱ्यासही हा युक्तिवाद करता येईल. मात्र त्यासाठी त्याला बहुधा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढावी लागेल, आणि काही हजारांच्या नाण्यांसाठी तो खर्च परवडणारा नाही.