वसंतराव देशपांडे यांचे ‘मृगनयना’: नाट्यपदाच्या पुनर्गायनाचा प्रश्न

मराठी नाट्यपद रंगभूमीवर जन्मास येते. परंतु त्याचे आयुष्य रंगभूमीपुरते मर्यादित राहत नाही. बैठक, ध्वनिमुद्रिका व आकाशवाणी यांच्या द्वारा ते नाटकापासून सुटे होते. अमेरिकेतील जॅझ संगीतातही असेच घडले. ब्रॉडवेवरील कित्येक गीते मूळ प्रयोग विस्मृतीत गेल्यावरही टिकली, ती बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड यांसारख्या गायिकांमुळे. अशा पुनर्गायनाचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे, हा प्रश्न वसंतराव देशपांडे यांनी गायिलेल्या ‘मृगनयना रसिक मोहिनी’ या पदाच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो.

वसंतराव (१९२०–१९८३) मूळचे मूर्तिजापूरचे. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ आदींकडूनही विद्या संपादन केली. मूर्तिजापूरहून नागपूरला जाणाऱ्या लोहमार्गावरील चांदूर रेल्वेसारख्या गावातील अनेक श्रोत्यांना नाट्यपद प्रथम भेटले ते तबकडीवर, अथवा १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाल्यावर आकाशवाणीवर. अशा श्रोत्याच्या लेखी ध्वनिमुद्रण हेच मूळ पद होय. म्हणून हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

हे पद देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ (१९१६) या नाटकातील. अश्विनशेठ रेवतीवर मुग्ध आहे. पण हाच प्रियकर पुढे संशयाने ग्रासला जातो. या मुग्धतेचा उतावळेपणा प्रेक्षकास जाणवला, तरच पुढील विनोद साधतो. वसंतरावांच्या गायनात हा उतावळेपणा उरत नाही. दरबारी कानड्याचे गांभीर्य, बोलांची फेक, अनपेक्षित स्वरावरून उठणारी तान यांपुढे अश्विनशेठ मागे पडतो. ही हानी मान्य केलीच पाहिजे.

परंतु हानीच्या जागी काय आले, हेही पाहावयास हवे. फिट्झजेराल्ड यांनी १९५६ ते १९६४ या काळात एकेका रचनाकाराची गीते ध्वनिमुद्रित केली, तेव्हा मूळ चालीची मर्यादा त्यांनी बहुतांशी पाळली. हॉलिडे यांनी चालच वाकवून शब्दांतील वेदना उघड केली. वसंतरावांचा मार्ग दुसऱ्या प्रकारास जवळचा आहे. त्यांची तान शब्दावरून निघते व शब्दाकडेच परतते. त्यामुळे नायिकेच्या रूपाची स्तुती ही एका पात्राची उक्ती न राहता सौंदर्यापुढील विस्मयाची सर्वसामान्य अवस्था बनते.

‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात खाँसाहेबांची भूमिका व वसंतरावांची गायकी परस्परांस पूरक होती. तेथे गायन हेच नाट्य होते. ‘मृगनयना’मध्ये तसा आधार नाही. तेथे गायकाने नाटकावाचून पद उभे केले. म्हणून या ध्वनिमुद्रणास देवलांच्या पदाचे प्रमाण रूप मानणे अयुक्त आहे. ते त्या पदावरील समर्थ भाष्य होय. भाष्याचे मोल जाणावयाचे, तर मूळ संहिता जवळ ठेवणे अभ्यासकास अपरिहार्य आहे.