दान कोणाचे, हात कोणाचे?

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या बौद्ध चैत्यगृहात एक ब्राह्मी लेख आहे. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान, असे तो सांगतो. कारागिराचे नाव त्यात नाही. तरी दान आणि हात दोन्ही खरे.

बायबलविषयी आपल्याकडे एक युक्तिवाद ठरलेला आहे : इंजील हजरत ईसा (अ.) यांच्यावर अवतरली, आजची शुभवर्तमाने माणसांनी लिहिली, विषय संपला. पण माणसांनी लिहिली हे ख्रिस्ती लपवतात कुठे? आपण नीट चौकशी करून लिहितो आहोत, असे लूक आरंभीच सांगतो. पौलाचे रोमकरांस पत्र लिहून घेणारा तर्तियुस स्वतःचा सलाम जोडतो. त्यांच्या मते प्रेरणा ईश्वराची, लेखणी माणसाची. आपल्याकडे वह्य म्हणजे शब्दच अवतरलेला, पैगंबर (स.) तो पोहोचवणारे. ही मापेच वेगळी आहेत. नावानिशी सांगणारे शोधायचे तर आपण हदीसकडे वळतो.

आमचा मतभेद कायम आहे. मात्र तो त्यांच्या खऱ्या दाव्याशी असावा, एवढेच म्हणणे. याच पुणे जिल्ह्यात केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती माणूस त्यालाही बायबलच म्हणतो. आपण मात्र मराठी अनुवादाला कुरआन म्हणत नाही, कुरआनचा अनुवाद म्हणतो. वाद घालण्यापूर्वी एवढा फरक समजून घेतला, तरी निम्मे भांडण मिटेल.