'गर्द'नंतरचे पान

व्यसनावरची पुस्तके आम्ही शिक्षक मंडळी बक्षीस समारंभात वाटतो. स्वतः वाचतो क्वचितच. अनिल अवचटांचे 'गर्द' मीही असेच उशिरा वाचले. उपदेशाचा सूर न लावता गर्दुल्ल्यांमध्ये जाऊन, बसून लिहिलेले पुस्तक, हे त्याचे मोठेपण. अवचटांचे या विषयावरचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचटांचे मुक्तांगण उभे राहिले. लेखणीला असे फळ विरळाच येते.

'मुक्तांगणची गोष्ट'मध्ये मला मोलाचे वाटले ते हे, की व्यसनातून उठलेली माणसेच तिथे कार्यकर्ते होतात. नव्या रुग्णाची थाप त्यांना चटकन ओळखू येते आणि तडफडही. तरी लेखणी अवचटांचीच होती. तुषार नातूंच्या 'नशायात्रा'त ती भोगलेल्याच्याच हाती आली.

पण ही सुटकेपर्यंत पोचलेल्यांची कथा झाली. ज्याची आज सुटत नाही, त्याचे काय? एकच सुई चौघांत फिरली, की एच.आय.व्ही. आणि 'हिपॅटायटिस सी'ही फिरतात. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात निर्जंतुक सुया देतात, गर्दऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात आणि वस्तीतले काम त्याच वाटेने गेलेल्यांवर सोपवतात. धाकाने लपलेला माणूस परक्याला दार उघडत नाही; जुन्या सोबत्याला उघडतो. 'हे व्यसनाला खतपाणी नव्हे काय?' असा आक्षेप येतो. मेलेल्याला व्यसन सोडता येत नाही, एवढे उत्तर मला पुरते.

स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी असलेल्या गुजरातेत, कडोदऱ्यासारख्या गिरण्यांच्या गावी, खानदेशातून आलेली आपली कुटुंबे हा विषय दोन्ही भाषांत गिळतात. मीही गिळला. काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलाच्या दप्तरात पुडी सापडली. वडिलांना बोलावून मी दाखला हाती ठेवला आणि शाळेचे नाव राखले. मुलगा पुढे कुठे गेला, हे विचारले नाही.

व्यसन अजून न सुटलेल्याने स्वतः लिहिलेले पान मराठीत माझ्या वाचनात नाही. ते लिहिले जावे. त्यात मुख्याध्यापक कसा दिसेल, हे मला ठाऊक आहे, तरीही.